फुकटचे सॉफ्टवेअर आणि परवान्याची अट

रुग्णालयातल्या सॉफ्टवेअरचा परवाना हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असा प्रश्न वाचकांना पडू शकतो. सोलापूरच्या 'सिव्हिल'मध्ये अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीपासून धाराशिवपर्यंतचे आणि सीमेपलीकडून इंडी, विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्ण येतात. त्यांतल्या अनेकांना मागच्या वेळी कोणत्या गोळ्या दिल्या होत्या हे सांगता येत नाही. साखर किती होती, क्रिएटिनिन किती होते, कोणत्या इंजेक्शनची रिअॅक्शन आली होती, हे सारे नोंदीत असते आणि आता ती नोंद संगणकात असते. संगणक बंद पडला की डॉक्टरला रुग्णाचा भूतकाळ दिसेनासा होतो.

राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनी हा अनुभव घेतला आहे. तेथील 'एचएमआयएस' ही संगणकीय व्यवस्था २०२२ मध्ये बंद झाली आणि केसपेपर, तपासणीच्या चिठ्ठ्या पुन्हा हाताने लिहिण्याची वेळ आली. पुढे केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची, ई-हॉस्पिटल प्रणाली आणली गेली. खासगी कंपनीच्या मालकीच्या व्यवस्थेवर विसंबले की कंत्राटाबरोबर व्यवस्थाही जाते, हा त्यातला धडा. त्यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे ओपन सोर्स, अर्थात मुक्त सॉफ्टवेअर. ते कोणा एकाच्या मुठीत नसते, फुकट मिळते, आणि पुरवठादार निघून गेला तरी दुसरा कोणी ते चालवू शकतो.

सल्ला योग्य आहे, पण अर्धाच. मुक्त सॉफ्टवेअरसुद्धा परवान्यावरच मिळते, आणि तो परवाना बदलू शकतो. गेल्या सात-आठ वर्षांत जगातल्या काही नामांकित प्रकल्पांनी तो बदललाही. रुग्णालयाने मुक्त सॉफ्टवेअर घेताना हे ध्यानात घेतले नाही, तर एका कंपनीच्या मुठीतून सुटून दुसऱ्या कंपनीच्या मुठीत जाण्याचा धोका राहतो.

आधी परवाना म्हणजे काय ते पाहू. प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कायद्याने त्याच्या लेखकाच्या मालकीचा असतो. पुस्तकाचा मजकूर लेखकाच्या मालकीचा असतो तसाच. परवाना न देता नुसता कोड लोकांसमोर ठेवला, तर तो वाचता येईल, पण वापरण्याचा हक्क मिळत नाही. 'वापरा, बदला, वाटा' ही परवानगी परवान्यातून येते, आणि प्रत्येक परवान्याच्या अटी वेगळ्या असतात.

ढोबळमानाने तीन प्रकार सांगता येतील. एमआयटी, बीएसडी, अपाची हे सैल परवाने: मूळ लेखकाचे नाव राखा आणि हवे ते करा, बंद व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये घातले तरी चालेल. दुसऱ्या टोकाला जीपीएल: तुम्ही बदल करून सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलेत, तर बदललेला कोडही त्याच अटींवर खुला करावा लागेल. एजीपीएल त्याहून एक पाऊल पुढे जाते. सॉफ्टवेअर कोणाला न देता केवळ इंटरनेटवरून सेवा पुरवली, तरी वापरणाऱ्याला बदललेला कोड मिळाला पाहिजे, असे ते म्हणते. या दोहोंच्या मध्ये मोझिलाचा एमपीएल आहे. त्यात मूळ फायलींमध्ये केलेले बदल खुले ठेवावे लागतात, शेजारी जोडलेला स्वतःचा कोड मात्र बंद ठेवता येतो.

मग परवाना बदलतो कोण? ज्याच्याकडे लेखनहक्क आहे तोच. एकट्याने लिहिलेला कोड असेल तर प्रश्न नाही. पण मुक्त प्रकल्पात शेकडो लोक थोडाथोडा कोड देतात आणि प्रत्येक जण आपापल्या तुकड्याचा मालक असतो. त्यामुळे परवाना बदलायचा तर त्यांची संमती लागते. अनेक कंपन्या यातून आधीच वाट काढून ठेवतात. कोड स्वीकारतानाच त्या योगदान देणाऱ्याकडून एका करारावर सही घेतात आणि पुढे परवाना बदलण्याची मुभा स्वतःकडे ठेवतात. प्रकल्पाचा परवाना आज कितीही उदार असो, असा करार आहे का आणि तो कोणाच्या नावे आहे, यावरून उद्याचा अंदाज येतो.

संमती हा शब्द डॉक्टरांच्या रोजच्या कामातला आहे, म्हणून ओपनएसएसएलचे उदाहरण येथे पाहण्याजोगे आहे. बँकेपासून रुग्णालयापर्यंत इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारे हे सॉफ्टवेअर. एप्रिल २०१४ मध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाची गंभीर त्रुटी सापडली. त्याच वर्षी अमेरिकेतील कम्युनिटी हेल्थ सिस्टिम्स या रुग्णालय समूहातून सुमारे ४५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली, आणि चोरांनी हीच फट वापरल्याचे सुरक्षातज्ज्ञांनी सांगितले. जगाचा इतका भार वाहणाऱ्या या प्रकल्पाला तोवर वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २ हजार डॉलर होत्या.

त्यानंतर मदत आली, माणसे वाढली आणि जुना, इतर मुक्त परवान्यांशी न जुळणारा परवाना बदलण्याचे ठरले. २०१७ मध्ये सुमारे ४०० योगदानकर्त्यांना ई-मेल गेले. उत्तर आले नाही तर हरकत नाही असे समजू, असे त्यात म्हटले होते. त्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. रुग्ण गप्प बसला म्हणून शस्त्रक्रियेला त्याची संमती आहे, असे कोणता सर्जन म्हणेल? संमती मिळवण्याचे आणि काही कोड पुन्हा लिहिण्याचे काम चालत राहिले आणि अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये तिसरी आवृत्ती अपाची परवान्याखाली आली. परवाना बदलणे म्हणजे फाइलीच्या माथ्यावरच्या चार ओळी बदलणे नव्हे. नीट करायचे तर ते वर्षानुवर्षांचे काम आहे.

हा बदल परवाना अधिक मोकळा करण्यासाठी होता. पण ज्या बदलांनी खळबळ उडाली ते उलट्या दिशेचे होते. माहिती साठवणाऱ्या मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एजीपीएल सोडून स्वतःचा अधिक कडक परवाना आणला. माहितीत शोध घेणाऱ्या इलॅस्टिकसर्चने २०२१ मध्ये अपाची परवाना सोडला. टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये, तर रेडिसने मार्च २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. ही नावे सामान्य वाचकाच्या कानावरून गेली नसतील, पण आपण वापरतो त्या अनेक संकेतस्थळांच्या आणि अॅपच्या पोटात यांतले काही ना काही असते. रुग्णालयांची सॉफ्टवेअर याला अपवाद नाहीत.

कारण जवळपास सगळीकडे एकच होते. मोठ्या क्लाउड कंपन्या हे सॉफ्टवेअर फुकट घेऊन त्याची सशुल्क सेवा विकत होत्या, आणि बनवणाऱ्या कंपनीच्या हाती त्यातले फारसे येत नव्हते. ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. शेत एकाने कसायचे आणि पीक दुसऱ्याने न्यायचे, असे फार दिवस चालत नाही. पण ज्या शेकडो लोकांनी 'हे सर्वांचे आहे' या समजुतीने आपला कोड दिला होता, त्यांच्याशी झालेला करारही तितकाच खरा होता.

मुक्त परवान्याची ताकद येथे दिसते. एकदा मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेली आवृत्ती परत घेता येत नाही. नवा परवाना पुढच्या आवृत्त्यांना लागतो. त्यामुळे नाराज मंडळी शेवटची मुक्त आवृत्ती घेऊन वेगळी चूल मांडू शकतात, आणि त्यांनी ती मांडली. इलॅस्टिकसर्चमधून ओपनसर्च, टेराफॉर्ममधून ओपनटोफू आणि रेडिसमधून व्हॅल्की निघाले. कोड तोच असला तरी नाव मात्र नवे घ्यावे लागले, कारण नाव हा ट्रेडमार्क आहे आणि परवाना तो देत नाही. सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. चादर कोणीही विणू शकतो, पण 'सोलापुरी चादर' या नावाला भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे. पुढे इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने मे २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय पुन्हा दिला. वापरकर्ते दुसरीकडे जाऊ शकतात, ही जाणीव त्यामागे नव्हती असे म्हणणे कठीण आहे.

वैद्यकीय क्षेत्रातली दोन उदाहरणे अधिक बोलकी आहेत. पहिले ओसिरिक्सचे. सीटी आणि एमआरआयच्या प्रतिमा अॅपलच्या संगणकावर पाहण्यासाठी अँटोइन रोसे आणि उस्मान रतिब या दोन डॉक्टरांनी २००४ च्या सुमारास तयार केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर जगभरच्या रेडिओलॉजिस्टांनी उचलून धरले. महागडे वर्कस्टेशन न परवडणाऱ्यांसाठी ते वरदानच होते. पुढे त्याची सशुल्क आवृत्ती आली आणि नव्या आवृत्त्यांचा कोड बंद झाला. २०१५ मध्ये जुन्या मुक्त कोडवरून 'होरोस' हा नवा प्रकल्प उभा राहिला, म्हणून फुकट पर्याय टिकला. मात्र जे फक्त नावावर विसंबून होते, त्यांना पैसे मोजणे किंवा नव्याने शिकणे यांतून निवड करावी लागली.

दुसरे उदाहरण ओपनएमआरएसचे, आणि ते आपल्याला अधिक जवळचे. अमेरिकेतील रेगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूट आणि पार्टनर्स इन हेल्थ यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये ही रुग्णनोंद प्रणाली सुरू झाली. केनियातील एल्डोरेट येथे एचआयव्हीच्या रुग्णांची संख्या इतकी वाढली होती की कागदी फायलींवर उपचार चालवणे अशक्य झाले होते. तेथे २००६ मध्ये ती प्रथम वापरात आली. सुरुवातीला प्रकल्पाने मोझिलाच्या जुन्या परवान्यात थोडे फेरफार करून स्वतःच्या नावाचा परवाना केला होता. हेतू चांगला होता, पण घरगुती परवान्याची एक अडचण असते: प्रत्येक नव्या संस्थेच्या वकिलाला तो मुळापासून वाचावा लागतो, आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरशी तो जुळेलच असे नाही. मोझिलाने जानेवारी २०१२ मध्ये एमपीएलची दुसरी आवृत्ती काढली. ती जीपीएलशी जुळवून घेणारी होती. त्यानंतर ओपनएमआरएसने तोच सर्वपरिचित परवाना स्वीकारला आणि सोबत आरोग्यसेवेपुरते एक निवेदन जोडले. रुग्णाविषयीच्या निर्णयाची जबाबदारी उपचार करणाऱ्याची, सॉफ्टवेअरची नव्हे, असा त्याचा आशय. परवान्यातला बदल वापरणाऱ्याच्या हिताचाही असू शकतो, हे यातून दिसते.

ओपनएमआरएस भारतात मुख्यतः 'बाह्मनी'च्या रूपाने पोहोचले. थॉटवर्क्स या कंपनीच्या भारतातील अभियंत्यांनी छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या रुग्णालयाच्या गरजा पाहून ही प्रणाली घडवली. एम्समधून बाहेर पडलेल्या डॉक्टरांनी ग्रामीण व आदिवासी रुग्णांसाठी उभे केलेले हे रुग्णालय. बाह्मनीची रचना समजून घेतली की परवान्याचा प्रश्न किती पदरी असतो ते कळते. रुग्णनोंदीसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस, बिले आणि औषधसाठ्यासाठी ओडू, एक्स-रे प्रतिमांसाठी आणखी एक सॉफ्टवेअर, असे चार-पाच प्रकल्प त्यात एकत्र बांधले आहेत. प्रत्येकाची मालकी वेगळी आणि परवानाही स्वतंत्र.

त्यांपैकी ओडूने २०१५ मध्ये नवव्या आवृत्तीवेळी एजीपीएल सोडून एलजीपीएल घेतला. कागदावर पाहिले तर हा परवाना आधीच्यापेक्षा सैल. पण त्याच वेळी कंपनीने सशुल्क 'एंटरप्राइझ' आवृत्ती वेगळी काढली आणि हिशेबाच्या काही सोयी तिकडे नेल्या. परवाना मोकळा झाला, पण फुकट डब्यातला ऐवज कमी झाला. म्हणून परवान्याचे नाव वाचून थांबणे पुरेसे नाही. मुक्त भागात नेमके काय उरले आहे, हेही पाहावे लागते.

अशा बदलाचा रुग्णालयावर परिणाम काय? पहिल्या दिवशी काहीच नाही. चालू असलेले सॉफ्टवेअर चालूच राहते, आणि धोका इथेच आहे. परवाना बदलला म्हणून जुन्या आवृत्तीवर राहिले, तर काही काळाने तिच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबतात. उच्च रक्तदाबासारखे हे दुखणे आहे. त्रास होत नाही म्हणून वर्षानुवर्षे लक्ष जात नाही आणि मग एके दिवशी झटका येतो. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सर्वोच्च रुग्णालयातही अनेक दिवस नोंदी हाताने कराव्या लागल्या. त्या हल्ल्याचा परवान्याशी संबंध नव्हता. पण संगणक यंत्रणेची देखभाल हा रुग्णसेवेचाच भाग आहे, एवढे त्याने दाखवून दिले.

शहरातल्या लहान नर्सिंग होमची गोष्ट आणखी नाजूक आहे. तेथे एखादा स्थानिक पुरवठादार सॉफ्टवेअर बसवून देतो. त्याच्या पोटात कोणते मुक्त घटक आहेत, त्यांच्या कोणत्या आवृत्त्या आहेत आणि त्यांच्या अटी पाळल्या जातात का, हे डॉक्टरांना ठाऊक नसते. कित्येकदा पुरवठादारालाही नसते. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती जपण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. 'सॉफ्टवेअरवाल्याने सांगितले नाही' ही सबब तेथे चालणार नाही.

म्हणून सॉफ्टवेअर घेताना, ते सरकारी असो वा खासगी, काही प्रश्न लेखी विचारले पाहिजेत. यात कोणकोणते घटक आहेत आणि प्रत्येकाचा परवाना कोणता? मूळ प्रकल्पाची मालकी एका कंपनीकडे आहे की विश्वस्त संस्थेकडे? परवाना बदलला तर पुरवठादार काय करणार, आणि तो खर्च कोणी सोसायचा? सुरक्षा दुरुस्त्या किती वर्षे मिळतील? आणि सर्वांत महत्त्वाचे, रुग्णांच्या सगळ्या नोंदी दुसऱ्या प्रणालीला वाचता येतील अशा प्रमाणित स्वरूपात हव्या तेव्हा बाहेर काढता येतील का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल आणि दरवर्षी एकदा ते करून पाहिले जात असेल, तर परवाना बदलला काय किंवा कंपनी बुडाली काय, रुग्णालय तगेल.

यासाठी पाया देशात तयार आहे. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके केंद्राने २०१३ मध्ये काढली आणि २०१६ मध्ये सुधारली. रोगांच्या आणि तपासण्यांच्या नावांसाठी लागणारा स्नोमेड सीटी हा आंतरराष्ट्रीय शब्दकोश भारत सदस्य असल्याने देशात विनाशुल्क वापरता येतो, आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. सरकारी कामांत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे, असे केंद्राचे धोरण २०१५ मध्येच जाहीर झाले. ते वगळायचे तर पुरवठादाराने कारण द्यावे, अशीही त्यात अपेक्षा आहे. गरज आहे ती निविदेच्या कागदात परवाना आणि नोंदींच्या हस्तांतराची कलमे स्पष्ट लिहिण्याची.

तरीही एक बाजू उरते, आणि ती वापरणाऱ्यांनी मनाशी मान्य केली पाहिजे. परवाने कडक होण्यामागे वापरणाऱ्यांचा फुकटेपणाही आहे. रुग्णालये यंत्राच्या वार्षिक देखभालीचे पैसे मुकाट्याने भरतात, पण फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात ओळ नसते. ती हवी. पैसे देता येत नसतील तर श्रम देता येतात. सोलापुरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी पुन्हा एकदा ग्रंथालयाची नोंदवही संगणकावर आणण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी बाह्मनीसारख्या प्रणालीतला एखादा दोष दुरुस्त केला, मराठी-कन्नड भाषांतर सुधारले, तर ते काम प्रत्यक्ष रुग्णाच्या उपयोगी पडेल. अशा कामातून शहरातच ते सॉफ्टवेअर जाणणारी माणसे तयार होतील, आणि प्रकल्पाच्या निर्णयांत आपला आवाजही राहील. वेगळी चूल मांडण्याचा हक्क कागदावर सर्वांनाच असतो. स्वयंपाक येणारी माणसे नसतील तर त्या हक्काचा उपयोग नसतो.

मुक्त सॉफ्टवेअर टाळावे असा याचा अर्थ नाही, उलट तेच घ्यावे. बंद सॉफ्टवेअरचा मालक अटी बदलतो तेव्हा ग्राहकाच्या हाती काहीच उरत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये निदान शेवटची आवृत्ती आणि ती चालवण्याचा हक्क उरतो. औषध देताना डॉक्टर त्याची मात्रा, दुष्परिणाम आणि मुदत पाहतो. सॉफ्टवेअर घेताना परवाना, त्याचा मालक आणि देखभालीची मुदत पाहण्याची सवय आता रुग्णालयांच्या खरेदी समित्यांना लागली पाहिजे. ती पाहण्याची योग्य वेळ सही करण्यापूर्वीची आहे.